साखरेच्या पोत्यावर कर्ज मिळते, मोहाच्या पोत्यावर का नाही?

बँकांचे शाखाधिकारी, जिल्हा अग्रणी बँक व्यवस्थापक आणि नाबार्डचे जिल्हा विकास व्यवस्थापक यांना खुले पत्र

सन्माननीय महोदय आणि महोदया,


ग्रामसभेची ठेव तुम्ही घेता आणि तिला कर्ज देत नाही. माझी तक्रार एवढीच आहे. ती नीट मांडायला मात्र जरा जागा लागेल.

पूर्व विदर्भातल्या ग्रामसभांना हिशेब लिहायला मी मदत करतो. तेंदूपत्त्याची संकलन नोंदवही, बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक, ठरावबही आणि पासबुक या वह्यांमध्ये माझा दिवस जातो. त्या निमित्ताने तुमच्या शाखांतल्या बाकड्यांवर बसण्याचे प्रसंगही पुष्कळ आले. तुमच्यापैकी अनेकांनी आपुलकीने चौकशी केली, चहा पाजला. एकदा एका ग्रामसभेचे पाच जण कर्ज मागायला गेले, त्यांत तीन बायका होत्या. साहेबांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “सातबारा कुणाच्या नावावर आहे?” सामूहिक वनहक्काचे अधिकारपत्र पुढे केले, तर पुढचा प्रश्न आला, “हे गहाण ठेवता येते का?” येत नाही. विषय तिथेच संपला. साहेब वाईट नव्हते. त्यांच्यापुढच्या अर्जात ‘तारण’ नावाचा एक रकाना होता आणि तो रिकामा ठेवून कागद पुढे सरकत नव्हता.

या लोकांच्या हाती नेमके काय आहे, ते आधी सांगतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी गावाला दिली. त्यात बांबू, तेंदूपत्ता, मध, मेण, लाख हे सगळे आले. गोळा करायचे, वापरायचे आणि विकायचे, असे तिन्ही हक्क आहेत. त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाने जंगल आणि वन्यजीव राखण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे सोपवला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये असा सामूहिक हक्क मिळाला. तरीही स्वतःचा बांबू गावाबाहेर नेऊन विकण्यासाठी त्यांना दोन वर्षे भांडावे लागले. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले, तेव्हा तो प्रश्न सुटला. मेंढ्याचे नेते देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांची ही हकीकत तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. प्रशिक्षणांतून, भाषणांतून ती सांगितली जाते. त्या गावाचे कौतुक करायला हरकत नाही, पण तिथून पुढे गोष्ट सरकायला हवी होती, ती सरकली नाही. परवान्याचे पुस्तक मिळाले, पण खेळते भांडवल मिळाले नाही.

खेळते भांडवल नसले की जंगलाचे काय होते, हे शाखेत बसून दिसत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह गळतो. ज्या घरात तेव्हा रोख पैसा नसतो, त्या घराला वाळवलेला मोह त्याच आठवड्यात विकावा लागतो. गावातला व्यापारी तो पडेल भावाने घेतो, साठवतो, आणि पावसाळ्यात भाव चढला की बाहेर काढतो. त्याच घराला पुढे मोह विकत घ्यावा लागला, तर तो चढ्या भावाने घ्यावा लागतो. हे झाले पैशाचे. आता झाडाचे पाहा. घाईत वेचायचे म्हणजे झाडाखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ करायची. ही आग झाडाखाली थांबत नाही. चारोळीचेही तसेच. फळ पिकेपर्यंत थांबले तर दुसरा कुणी आधी तोडून नेईल, म्हणून फळे कच्चीच तोडली जातात आणि हात पोचत नाही तिथे फांदी छाटली जाते. आवळ्याचीही तीच कथा. ‘फळ पिकल्याशिवाय तोडायचे नाही, फांदी तोडायची नाही, आग लावायची नाही’ असे ठराव कितीतरी ग्रामसभांच्या वहीत आहेत, सह्या-अंगठ्यांसह आहेत. मोडणाऱ्याला दंडही ठरलेला आहे. पण हा नियम पाळायचा तर घराला महिना-दीड महिना थांबता आले पाहिजे. ते थांबणे तुमच्याकडच्या भाषेत ‘वर्किंग कॅपिटल’ आहे. ते बँक देत नाही, म्हणून ठेकेदार आणि व्यापारी देतात, आणि तोडणीची तारीखही मग तेच ठरवतात.

तेंदूपत्त्यात हे आणखी उघड दिसते. मेमध्ये जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा हंगाम असतो. सत्तर पानांचे एक पुडके आणि हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात वर्षातली सगळ्यात मोठी रोख रक्कम घरात येते ती याच दिवसांत. पेसा (अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा कायदा) आणि वनहक्क कायद्याच्या आधारे ग्रामसभा आता स्वतः निविदा काढतात. जाहिरात देतात, बोली लावून घेतात, करार करतात. हे छोटे काम नाही. पण ग्रामसभेकडे स्वतःचा पैसा नसल्यामुळे मजुरीही ठेकेदाराच्याच खिशातून जाते आणि करारात त्याचे पारडे जड राहते. २०१७ मध्ये तेंदूचे भाव कधी नव्हे इतके चढले आणि ठेकेदारांनी भरमसाट बोली लावल्या. त्याच वर्षी जुलैपासून तेंदूपत्त्यावर १८ टक्के जीएसटी लागला. २०१८ च्या हंगामात भाव कोसळले. अशा वर्षी ठेकेदार उरलेल्या रकमेसाठी गावाला हेलपाटे घालायला लावतो. पाने त्याच्या गोदामात गेलेली असतात आणि गावाच्या हातात करारनाम्याची झेरॉक्स उरते. मजुरी चुकती करण्यापुरते कर्ज ग्रामसभेला मिळाले असते, तर पाने गावाच्या ताब्यात राहिली असती आणि पैसे आल्याशिवाय ट्रक हलला नसता.

उलट उदाहरणही आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. गावाने स्वतःचे नियम केले. बांबूचे वास्ते, म्हणजे कोवळे कोंब, तोडायचे नाहीत, जंगलाचा एक भाग पूर्णपणे राखून ठेवायचा, असे ते नियम. आणि तेंदूपत्ता तोडायचाच नाही, असेही ठरवले, कारण त्यासाठी झाडे छाटली जातात आणि आगी लागतात. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी या गावाबद्दल लिहिले आहे. शहरातल्या वाचकाला हा निर्णय त्यागासारखा वाटतो. मला तो हिशेबाचा वाटतो. बांबूची विक्री ग्रामसभेच्या हातात होती, त्यातून घरोघरी काम आणि मजुरी मिळत होती, म्हणून तेंदूचा पैसा सोडणे त्यांना परवडले. ज्या गावाकडे दुसरे उत्पन्न नाही, त्याने असा ठराव करावा आणि आपण टाळ्या वाजवाव्यात, हे मला पटत नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरचेही तसेच. सामूहिक हक्काने मिळालेले वनक्षेत्र उजाड होते. गावाने ते राखले, झाडे लावली, तिथले सीताफळ प्रतवारी करून मुंबईपर्यंत पोचवले. २०१४ मध्ये या गावाला यूएनडीपीचा जैवविविधता पुरस्कार मिळाला. सीताफळ तोडल्यावर तीन-चार दिवसांत मऊ पडते. खोकी, वाहतूक, प्रतवारीची मजुरी हा सगळा खर्च विक्रीच्या आधी करावा लागतो. तो कुठून करायचा, हा प्रश्न पुरस्काराने सुटत नाही.

पश्चिम घाटातही हा धागा दिसतो. बेहड्याच्या जुन्या, उंच झाडांच्या ढोलीत महाधनेश पक्षी घरटे करतो. लाकडासाठी ते झाड विकले तर एकदाच पैसे मिळतात. पुण्याच्या एका पर्यावरण संस्थेने उत्तर सह्याद्रीतल्या संकलकांना सोबत घेऊन हिरडा-बेहड्याच्या फळांसाठी ‘फेअरवाइल्ड’ हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवले आणि ब्रिटनमधली एक हर्बल चहाची कंपनी ग्राहक म्हणून पुढे आली. काही फळे झाडावर सोडायची, ठरलेला दर द्यायचा, वर गावासाठी अधिमूल्य द्यायचे, अशा अटी आहेत. झाड उभे राहिले तरच दरवर्षी पैसा, असा सरळ व्यवहार आहे. पण अशा खरेदीदाराला माल वाळवून, निवडून, एकाच वेळी मोठ्या प्रमाणात लागतो. तो गोळा होईपर्यंत संकलकाला रोख कोण देणार? स्थानिक व्यापारी दारात येऊन नोटा मोजतो. चांगल्या बाजाराची खरी स्पर्धा या नोटांशी असते.

आता तुमच्या हरकतींकडे येतो. त्यांतल्या काही रास्त आहेत.

पहिली हरकत तारणाची. वनहक्क वारसाने पुढे जातो, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही, हे कायद्याच्या चौथ्या कलमात स्पष्ट आहे. हे कलमच बदला, असे सुचवणारे लोक मला भेटतात. कृपा करून तसे काही सुचवू नका. जमीन गहाण पडली की ती कुणाकडे जाते, हे महाराष्ट्राला १८७५ मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध केलेल्या सुप्याच्या दंग्यापासून ठाऊक आहे. जंगलाच्या बाबतीत तो धडा पुन्हा गिरवायची गरज नाही.

जमीन गहाण न ठेवता कर्ज देणे तुम्हाला नवीन आहे का? साखर कारखान्याला गाळपाआधी पूर्वहंगामी कर्ज मिळते. पोती गोदामात पडली की त्यांवर मालतारण कर्ज मिळते. कमी पडले तर राज्य सरकार थकहमी देते, आणि कर्ज बुडाले तर हमीची रक्कम सरकारच्या तिजोरीतून भरली गेल्याचेही आपण पाहिले आहे. शेतकऱ्याला कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. सोयाबीन, तूर, धान, काजू, बेदाणा बाजार समितीच्या गोदामात ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्या, भाव आला की विका. बचतगटांना विनातारण कर्ज नाबार्डने १९९२ पासून रुळवले आहे आणि २० लाखांपर्यंत तारण मागू नये असे रिझर्व्ह बँकेनेच सांगितले आहे. मच्छीमार आणि पशुपालक यांना २०१९ पासून किसान क्रेडिट कार्डाखाली खेळते भांडवल मिळते. तळ्यातला मासा काही मच्छीमाराच्या सातबाऱ्यावर नसतो. मग गोदामात वाळवून ठेवलेला, ओलावा तपासलेला मोह किंवा हिरडा हे तारण का होऊ शकत नाही? मोहफुलांची साठवण आणि वाहतूक यांवर अबकारी खात्याचे जाचक निर्बंध होते, हे खरे. राज्य सरकारने ते २०२१ मध्ये सैल केले. केंद्र सरकार वाळलेल्या मोहफुलाला किमान आधारभूत किंमत जाहीर करते. २०२० मध्ये ती किलोला ३० रुपये होती. म्हणजे तारणाची किंमत ठरवायला आधारही आहे. (ही आधारभूत किंमत गावात प्रत्यक्ष किती जणांना मिळते, यावर वेगळे पत्र लिहावे लागेल.)

दुसरी हरकत, ग्रामसभा ही कर्जदार म्हणून कोण? सही कुणाची, जबाबदारी कुणाची? महाराष्ट्राच्या २०१४ च्या पेसा नियमांत ग्रामसभा कोषाची तरतूद आहे. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट याच खात्यांत येतो. ती खाती तुमच्याच शाखांत आहेत, त्यांची कागदपत्रे तुम्हीच तपासली आहेत. ठेव घेताना ओळख पटते आणि कर्ज देताना ‘ही संस्था नेमकी काय?’ असा प्रश्न पडतो, याला काय म्हणायचे?

तिसरी हरकत जोखमीची आणि ती खरी आहे. भाव पडतात. काही ग्रामसभांचे हिशेब वाईट आहेत, आणि हे मी सांगू शकतो कारण त्या वह्या मी पाहिल्या आहेत. कुठे दोन-तीन माणसांनी सगळा व्यवहार हातात घेतला आहे, कुठे बायका दिवसभर वेचतात आणि पासबुक पुरुषाच्या खिशात असते. अशांना कर्ज देऊ नका, असेच मी म्हणेन. पण चांगली ग्रामसभा ओळखायची साधने तुमच्यापुढे आहेत. ठरावबही मागा. बैठकीला किती जण होते, किती बायका होत्या, दंड खरोखर वसूल झाला का, ते पाहा. गेल्या तीन हंगामांची संकलन नोंदवही आणि खात्यातल्या जमा रकमा जुळवून पाहा. जंगल राखणारी ग्रामसभा आणि हिशेब राखणारी ग्रामसभा बहुधा एकच असते, असा माझा अनुभव आहे, कारण दोन्हींना नियमित बैठक लागते. सिबिल स्कोअरमध्ये हे दिसत नाही. त्यासाठी मेमध्ये एखादा दिवस तेंदूच्या फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, यावे लागेल. ऊन कडक असते, हे मान्य आहे.

आणखी एक गोष्ट मनात आहे. अग्रक्रम क्षेत्राला कर्ज देण्याचे उद्दिष्ट चुकले की ती तूट नाबार्डच्या ग्रामीण पायाभूत विकास निधीत भरता येते. २०१६ पासून दुसऱ्या बँकेकडून प्रमाणपत्रे विकत घेऊनही उद्दिष्ट पुरे दाखवता येते. दोन्ही गोष्टी नियमाला धरून आहेत. पण दर तीन महिन्यांनी जिल्हास्तरीय बैठकीत वार्षिक पत आराखड्याचे आकडे वाचले जातात, तेव्हा त्या आराखड्यात गौण वनोपज या नावाचा रकाना नसतो. ज्या जिल्ह्याचा तीन चतुर्थांश भाग जंगल आहे, त्या जिल्ह्याच्या कर्ज आराखड्यात जंगल नाही, हे विचित्र नाही का?

म्हणून माझ्या काही विनंत्या आहेत.

गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, अमरावती या जिल्ह्यांच्या येत्या पत आराखड्यात गौण वनोपजासाठी स्वतंत्र तरतूद करा. रक्कम लहान असली तरी चालेल, पण तो रकाना छापला जाऊ द्या.

ग्रामसभांना मासिक हप्त्याचे कर्ज देऊ नका. बचतगटाच्या कर्जाचा पहिला हप्ता पुढच्याच महिन्यात येतो आणि जंगलातला पैसा वर्षातून दोनदा येतो. पीककर्जासारखी हंगामाअखेरची परतफेड ठेवा. मोह आणि चारोळीसाठी मार्चआधी, तेंदूसाठी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात रक्कम हातात पडली तरच तिचा उपयोग. जूनमध्ये मंजूर झालेले कर्ज काय करायचे?

मोहफूल, हिरडा, बेहडा, चारोळी यांना शेतमाल तारण योजनेत घ्यावे, अशी शिफारस पणन मंडळाकडे तुमच्याकडून गेली पाहिजे. आमच्या अर्जांपेक्षा तुमच्या एका पत्राला तिथे जास्त किंमत आहे. त्यासाठी गावाजवळ कोरडे, उंदीर-घुशींपासून सुरक्षित गोदाम लागेल. तेही कर्जातूनच होऊ शकते.

एकट्या ग्रामसभेची भीती वाटत असेल, तर महासंघाला कर्ज द्या. गडचिरोलीतल्या कोरची तालुक्यात ९० च्या आसपास ग्रामसभा एकत्र येऊन महाग्रामसभा चालवतात. एका गावाचा हंगाम बुडाला तरी सगळ्यांचा बुडत नाही.

आणि पहिल्या काही वर्षांच्या तोट्यासाठी थकहमी हवी असेल, तर ती मागायची कुठे, तेही सुचवतो. गडचिरोलीतून लोहखनिज निघते. त्याच्या स्वामित्वधनाच्या हिशेबात जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे निधी जमा होतो. त्यातला एक छोटा हिस्सा ग्रामसभांच्या कर्जाच्या हमीसाठी बाजूला काढा, असा प्रस्ताव अग्रणी बँकेने जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवावा. जंगल तोडून मिळालेल्या पैशातला थोडा भाग जंगल राखणाऱ्यांच्या कामी आला, तर कुणाची हरकत असू नये.

केंद्र सरकारच्या वनधन केंद्रांचे काय, असे तुम्ही विचाराल. २०१८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत तीनशे सदस्यांच्या केंद्राला १५ लाख रुपये मिळतात. काही केंद्रे चांगली चालतात. पण ते एकवेळचे अनुदान आहे. अनुदानाने यंत्र येते, पाटी लागते, उद्घाटन होते. दरवर्षी एप्रिलमध्ये संकलकाच्या हातात नोटा ठेवायचे काम त्याने होत नाही. ते काम बँकेचे आहे, आणि गावांनाही ते बँकेकडूनच हवे आहे. कर्ज मागणारा माणूस परतफेडीची तयारी दाखवत असतो, एवढे तरी त्याच्या अर्जाकडे पाहताना लक्षात ठेवावे.

येत्या एप्रिलच्या आत तुमच्या शाखेच्या हद्दीतल्या एका ग्रामसभेची वही स्वतः वाचून पाहा आणि तिला एका हंगामापुरते, गोदामातल्या मालावर, कर्ज द्या. वह्या दाखवायला मी येईन, आणि त्या खराब निघाल्या तर तसेही सांगेन. नकार द्यायचा असेल तर तो लेखी द्या, कारणासह. ग्रामसभेच्या ठरावबहीत तो चिकटवता येईल आणि पुढच्या जिल्हास्तरीय बैठकीत वाचताही येईल.

कळावे,

आपला स्नेहाकांक्षी,
ग्रामसभांचे जमाखर्च लिहिणारा एक कार्यकर्ता